प्रकाशाला उतार कोठें मिळतो?

वेळणेश्वराच्या किनाऱ्यावर ज्यांचें एकदां तरी जाणें झालें असेल, त्यांना त्या बाजूचे दोन देखावे आठवत असतील. एक शेजारच्या हेदवीच्या खडकांतील बामणघळीचा. खडकाला पडलेल्या एका अरुंद भेगेंत समुद्राची लाट धडकते. पुढें तिला वाव नसतो. मग तें पाणी भयंकर आवाज करीत उंच उसळतें, फेंसाळतें आणि बहुतेक सारें आल्या वाटेनें परत फिरतें. दुसरा देखावा दक्षिणेस, तवसाळ आणि जयगड यांच्या मध्यें, शास्त्री नदीच्या खाडीचा. खाडीचें तोंड रुंद, आणि पुढें ती क्रमाक्रमानें अरुंद होत गेलेली. भरतीचें पाणी तेथें कोठेंहि न आदळतां कित्येक मैल आंत चढत जातें. कांठाला बांधलेली होडी हळूच वर उचलली गेली म्हणजेच भरती आल्याचें ध्यानांत येतें.

वाऱ्यानें उठणारी लाट आणि चंद्रसूर्यांच्या ओढीनें येणारी भरती या दोन वस्तू एक नव्हेत, हें खरें. तरीपण दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच आहे: मोठ्या वाटेनें आलेल्या लाटेला लहान वाटेंत शिरावयाचें असेल तर तिनें काय करावें? प्रकाश हीहि एक लाटच असल्यामुळें हा प्रश्न तिलाहि सुटलेला नाहीं. आज घरोघर दूरदेशीचें बोलणें, चित्रें आणि पत्रें प्रकाशाच्या पाठीवर बसून येतात. या प्रकाशाला वाटेंत एका पदार्थाच्या वाहिनींतून दुसऱ्या पदार्थाच्या वाहिनींत उतरावें लागतें. नदी ओलांडण्याच्या जागेला मराठींत उतार म्हणतात. प्रकाशाला असा उतार कोठें मिळतो, तें श्रोत्यांना सांगण्याचा येथें उद्देश आहे.

प्रकाश वाटेल तसा न पसरतां ठराविक मार्गानें जावा यासाठीं त्याला कोंडून नेणारी जी रचना, तिला प्रकाशवाहिनी म्हणूं. तिचें तत्त्व जुनें आहे. जिनिव्हा येथील कोलाडोन यानें १८४१ च्या सुमारास, आणि लंडनमध्यें टिंडल यानें १८५४ सालीं, पाण्याच्या वांकड्या धारेंतून प्रकाश त्या धारेबरोबर वांकत जातो हें लोकांना दाखविलें. पाण्यांतून हवेकडे फार तिरकस जाणारा किरण बाहेर न पडतां आंतच परत फिरतो. पाठ्यपुस्तकांत याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पुढें १९५४ सालीं आपल्याच देशांतील नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स या आपल्या गुरूंसह लंडन येथें काचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठविल्याचें प्रसिद्ध केलें. चार्ल्स काव यांनीं १९६६ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या तंतूंतून मैलोगणती संदेश जातील. त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

खिडकीच्या काचेच्या कडेंतून पाहिलें तर ती हिरवट दिसते. तेवढ्याशा जाडींतहि तींतील लोहाचा अंश प्रकाश गिळीत असतो. प्रकाशतंतूची काच इतकी निर्मळ असते कीं, एका किलोमीटरांत शेंकडा साडेचार भाग प्रकाश काय तो कमी होतो, आणि पंधरा किलोमीटर गेल्यावरहि निम्मा शिल्लक राहतो. अशी काच घडविण्याचे आणि तिचे तंतू ओढण्याचे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कारखाने आपल्या मराठवाड्यांत, छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रा व वाळूज येथें आहेत. तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून थोडा जाड. आणि त्याच्या मध्यभागीं प्रकाश वाहून नेणारा गाभा अवघा आठनऊ मायक्रॉनांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

येथवर सारें ठीक आहे. परंतु काच ही केवळ वाटसरू नेणारी सडक आहे. काचेंत प्रकाश उत्पन्न होत नाहीं, काचेंत तो मोजला जात नाहीं, आणि त्याच्यावर संदेशाची मुद्रा उमटविण्याचें कामहि काचेला चांगलेंसें साधत नाहीं. जुन्या गांवगाड्यांत जसे बलुतेदार असत, आणि सुताराचें काम कुंभाराला सांगून चालत नसे, तसाच प्रकार येथें आहे. प्रकाश निर्माण करावा इंडियम फॉस्फाइडानें. विजेच्या दाबाबरोबर त्याला झपाट्यानें बदलावें लिथियम नायोबेटानें. अत्यल्प नुकसानींत चिपेवरून फिरवावा सिलिकॉन नायट्राइडानें. आणि अगदीं थोड्या जागेंत, कांहीं मायक्रॉनांच्या वळणांतून, वळवावा सिलिकॉनानें. शिवाय संगणकाच्या चिपा करणाऱ्या कारखान्यांतच हीं सिलिकॉनचीं कामें होत असल्यामुळें त्याचें महत्त्व अधिक. सिलिकॉन डोळ्यांना करड्या धातूसारखें अपारदर्शक दिसतें. परंतु तंतूंतून जाणारा प्रकाश १.५५ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा, अवरक्त असतो, आणि त्याला सिलिकॉन काचेसारखेंच आरपार आहे. मात्र तें स्वतः प्रकाश देण्यास जवळजवळ नालायक. गुण असे वांटले गेल्यामुळें प्रकाशाला एकाच्या घरांतून दुसऱ्याच्या घरांत जाणें प्राप्तच आहे.

आणि प्रत्येक उंबरठ्यावर जकात पडते. समजा, प्रकाश इंडियम फॉस्फाइडांतून सिलिकॉनांत गेला, तेथून तंतूंत, पलीकडच्या गांवीं तंतूंतून पुन्हां सिलिकॉनांत, आणि शेवटीं मोजणाऱ्या यंत्रांत. हे चार उंबरठे झाले. प्रत्येकावर निम्मा प्रकाश गेला तर हातीं सोळावा हिस्सा राहील. पंधरा किलोमीटर काच चालून प्रकाश जेवढा झिजतो, तेवढा तो एका वाईट सांध्यांत, केसाच्या जाडीइतक्या अंतरांत, गमावून बसतो. मग ती तूट भरून काढण्यासाठीं मुळाशींच अधिक प्रखर प्रकाश लावावा लागतो, त्याला वीज अधिक लागते, आणि त्या विजेची उष्णता घालविण्यास पुन्हां वीज. तंतू सुधारण्यांत विसाव्या शतकाचा उत्तरार्ध गेला. सांधे सुधारण्याचें काम अद्याप चाललें आहे, आणि तेंच अधिक नाजूक आहे.

सांधा दोन रीतींनीं करतां येतो: तोंडाला तोंड लावून, किंवा कुशीला कूस लावून.

तोंडाला तोंड लावण्याच्या रीतींत बामणघळीचीच गत होते. प्रकाशाचा वेग निरनिराळ्या पदार्थांत निरनिराळा असतो, आणि तो कितीपट कमी होतो तें वक्रीभवनांकावरून समजतें. काचेचा हा अंक सुमारें १.४४, सिलिकॉनाचा ३.४८. नुसत्या या फरकामुळें काचेंतून सिलिकॉनावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा सतरा भाग उलट फिरतात. यावर उपाय आहे. चष्म्याच्या भिंगांना देतात तसा पातळ लेप दिला कीं हें परावर्तन बहुतेक बंद होतें. खरी अडचण आकाराची. तंतूंतील प्रकाशाचा ठिपका दहा मायक्रॉन रुंद. सिलिकॉनची वाहिनी साधारणतः ०.४५ मायक्रॉन रुंद व ०.२२ मायक्रॉन उंच. क्षेत्रफळांत सातशें-आठशें पटींचें अंतर! असे दोन मार्ग नुसते समोरासमोर धरले तर शंभरांतील एक भागहि धड आंत शिरत नाहीं.

येथें खाडीचा धडा उपयोगी पडावा, म्हणजे वाहिनीचें तोंड नरसाळ्याप्रमाणें रुंद करावें, असें कोणासहि वाटेल. परंतु संशोधकांनीं जें केलें तें प्रथमदर्शनीं अगदीं उलटें दिसतें. जपानांतील एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेंत २००२ मध्यें, आणि अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत २००३ मध्यें, सिलिकॉनच्या वाहिनीचें टोंक रुंद न करतां पेन्सिलीसारखें निमुळतें, सुमारें दशांश मायक्रॉनपर्यंत बारीक केलें गेलें. वाहिनी तरंगलांबीच्या मानानें फार बारीक झाली म्हणजे तिला प्रकाश पोटांत धरून ठेवतां येत नाहीं. तो तिच्या अंगाबाहेर पसरतो, भोंवतालच्या पदार्थांत फुगतो. वाहिनी रोडावते तसा प्रकाश लठ्ठ होतो. आणि टोंकाशीं येईपर्यंत त्याचा विस्तार पलीकडच्या मोठ्या वाहिनीशीं बराच जुळता झालेला असतो. जपानी रचनेंत हें टोंक प्लॅस्टिकासारख्या बहुवारिकाच्या जाड वाहिनींत गाडलेलें होतें. प्रकाश सिलिकॉनांत निघाला, आणि कोठेंहि उंबरठा न ओलांडतां बहुवारिकांत येऊन पोंचला. खाडीचा नियम मोडला गेला नाहींच. पाळला गेला, मात्र निराळ्या रीतीनें. रुंदी वाढवावयाची ती भिंतींची नसून प्रकाशाची होती.

प्रकाश वाहिनीच्या अंगाबाहेर पसरतो, हें ऐकून चोखंदळ श्रोता म्हणेल, मग परावर्तन पूर्ण कसलें? ही शंका रास्त आहे. पाठ्यपुस्तकांतील तो पूर्ण शब्द विद्यार्थ्यांची थोडी दिशाभूल करतो. त्याची परीक्षा घरबसल्या होण्यासारखी आहे. काचेचा साधा पेला पाण्यानें भरून हातांत घ्यावा, आणि वरून, पाण्यांतून तिरकस, त्याच्या बाजूकडे पाहावें. ती बाजू चांदीच्या पत्र्यासारखी चकचकीत दिसते; बाहेर धरलेलीं बोटें दिसत नाहींत. आतां एक बोट किंचित् ओलें करून काचेवर घट्ट दाबावें. चांदीच्या पार्श्वभूमीवर त्या बोटाच्या रेषा एकदम उमटतात. ज्या ठिकाणीं कातडीची कड काचेला भिडली तेथें प्रकाश निसटला; दोन कडांमधील बारीक चरांत हवा राहिली, तेथें तो परत फिरला. काचेबाहेर प्रकाशाचा एक पातळ पदर असतोच. त्याला कोणी शेजारीं भेटलें नाहीं तर तो तरंगलांबीएवढ्या अंतरांतच विरून जातो, आणि सारा प्रकाश परत आलासें दिसतें. शेजारीं दुसरा पदार्थ आला कीं तोच पदर त्याला चिकटतो व प्रकाश पलीकडे जातो.

न्यूटनानें लोलकावर भिंग टेंकवून हा चमत्कार पाहिला होता, आणि १७०४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथांत तो नमूद केला. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी फार लहान असल्यामुळें मधली फट मोजणें त्या काळीं अवघड. तें काम कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांनीं १८९७ सालीं मोठ्या युक्तीनें साधलें. त्यांनीं दृश्य प्रकाश सोडून त्यांच्याच आवडीच्या आंखूड विद्युत्तरंगांचा उपयोग केला. त्यांची लांबी मिलिमीटर-सेंटिमीटरांत असल्यामुळें दोन लोलकांमधील हवेची फट पट्टीनें मोजण्याइतकी मोठी झाली, आणि ती कमीजास्त केली असतां किती तरंग पलीकडे उतरतात तें त्यांना तपासतां आलें. कुशीला कूस लावण्याच्या रीतीचें बीज येथें आहे.

दोन वाहिन्या एकमेकींना न शिवतां, परंतु अर्ध्या मायक्रॉनासारख्या अंतरानें, शेजारीं शेजारीं धांवत असल्या तर एकीचा पदर दुसरीला लागतो. मग प्रकाश पलीकडे जाईल काय? जाईल, पण किती जाईल, तें अंतरावरच अवलंबून नाहीं. हें समजण्यास एक खेळ करून पाहावा. दोन खुर्च्यांच्या पाठींना आडवी दोरी ताणून बांधावी, आणि तीवरून हातभर अंतरानें दोन सारखीं कुलपें सारख्या लांबीच्या दोऱ्यांनीं टांगावीं. एका कुलपाला झोंका द्यावा. थोड्या वेळानें दुसरें आपोआप हलूं लागतें. पहिलें मंदावत मंदावत थांबतें आणि सारा झोंका दुसऱ्याकडे जातो. मग तो पुन्हां पहिल्याकडे परततो. ही देवघेव कांहीं वेळ चालूं राहते. आतां एका दोऱ्याची लांबी चांगली वीतभर वाढवावी. झोंका दिला तर दुसरें कुलूप जरासें चुळबुळतें आणि स्वस्थ बसतें. दोरी तीच आहे, अंतर तेंच आहे. परंतु दोघांचा ताल जुळत नाहीं, म्हणून देवघेव नाहीं.

निरनिराळ्या पदार्थांच्या वाहिन्या म्हणजे हे निरनिराळ्या लांबीचे लंबक. नेहमींच्या रुंदीच्या सिलिकॉन-वाहिनींत प्रकाशाच्या लाटेचे माथे निर्वातांतील वेगाच्या सुमारें शेंकडा चाळीस वेगानें पुढें सरकतात. सिलिकॉन नायट्राइडाच्या वाहिनींत सुमारें साठ. पहिलींतून निसटलेला प्रकाशाचा अंश दुसरींत पोंचतो, पण मागून येणारा अंश त्याच्याशीं ताल सोडून येतो, आणि एकानें कमावलेलें दुसरा पुसून टाकतो.

मग दोन्ही वेग मुद्दाम सारखे करून ठेवावे काय? रुंदी कमीजास्त करून तसें करतां येतें. तथापि त्यांत दोन धोके आहेत. सिलिकॉनची रुंदी ठरल्यापेक्षां पांचदहा सहस्रांश मायक्रॉन चुकली तरी समता बिघडते, आणि एवढी चूक चांगल्या कारखान्यांतहि होते. दुसरें असें कीं, कुलपांच्या खेळांत झोंका जसा परत येतो तसा येथेंहि प्रकाश माघारी येतो. म्हणून वाहिन्या नेमक्या योग्य ठिकाणीं एकमेकींपासून दूर न्याव्या लागतात. जरा उशीर झाला कीं मिळविलेलें गेलें.

या पेंचावरील तोड खेळांतच आहे. दुसऱ्या कुलपाचा दोरा आडव्या दोरीला गांठ न मारतां, तीवर बांधलेल्या लहान कडींतून ओवून हातांत धरावा. प्रथम तो पहिल्यापेक्षां लांब असूं द्यावा. पहिल्याला झोंका द्यावा, आणि हातांतील दोरा सावकाश वर ओढीत जावें. लांबी सारखी होण्याचा क्षण येतो तेव्हां झोंका दुसऱ्याकडे वळूं लागतो. परंतु हात तसाच चालूं ठेवल्यामुळें दुसरा दोरा आतां पहिल्याहून आंखूड होतो, ताल पुन्हां तुटतो, आणि गेलेला झोंका परत येऊं शकत नाहीं. तो दुसऱ्याकडेच राहतो. थोडा सराव लागतो. दोरा झटक्यानें ओढला तर कांहींच साधत नाहीं. पहिलें कुलूप आपल्या नादांत हलत राहतें. सर्व खुबी सावकाशींत आहे.

लंबकाच्या खेळांत जो काळ, तोच वाहिनींत लांबी. सिलिकॉनची वाहिनी नायट्राइडाच्या वाहिनीशेजारून, किंवा बहुधा तिच्या खालून, जात असतां ती हळूहळू निमुळती केली जाते. रुंद असतां तींतील प्रकाश मंद असतो. रोडावते तसतसा त्याचा पदर भोंवतालच्या काचेंत पसरून वेग वाढत जातो, आणि शेवटीं तो नायट्राइडांतील प्रकाशाच्याहि पुढें जातो. मधें कोठें तरी दोघांचे वेग सारखे होतात. तोच उतार. कारखान्यांत रुंदी थोडी चुकली तर ही जागा दोनचार मायक्रॉन अलीकडेपलीकडे सरेल, पण नाहींशी होणार नाहीं. माणसाच्या हातून होणारी चूक पोटांत घालणारी ही रचना आहे, आणि तिचें मोठेपण त्यांत आहे.

ही कल्पना प्रकाशवाहिन्यांच्याहि आधींची. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुक यांनीं १९५५ सालीं धातूच्या नळ्यांतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युत्तरंगांसाठीं वेग क्रमानें बदलणारे सांधे सुचविले होते. त्यामागचें गणित तर त्याहून जुनें. १९३२ सालीं लांडाऊ आणि झेनर या दोघांनीं स्वतंत्रपणें, एकमेकांवर आपटणाऱ्या अणूंचा विचार करीत असतां, तेंच सूत्र काढलें. बदल जितका सावकाश तितकी मागें राहणारी शिल्लक झपाट्यानें घटते. सावकाशी दुप्पट केली आणि आरंभीं शिल्लक दहावा हिस्सा असली, तर ती निम्मी न होतां शंभरावा हिस्सा होते. अणूंचें गणित नळ्यांना आणि नळ्यांचें सिलिकॉनला लागूं पडावें, ही लाटांच्या विद्येची मोठी मौज आहे. वेळणेश्वरास ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचें महर्षि परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांना या विद्येचीं दोन उदाहरणें, घळ आणि खाडी, वर्गाबाहेर पडतांच पाहावयास मिळतात.

इंडियम फॉस्फाइडाचें काय झालें, तेंहि सांगावयास पाहिजे. २००६ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाची सांता बार्बरा येथील शाखा आणि इंटेल कंपनी यांनीं मिळून त्याचे पातळ थर सिलिकॉनच्या वाहिनीवर चिकटविले. प्रकाश बहुतांशीं खालच्या सिलिकॉनांतून चालला होता. त्याचा पदर मात्र वरच्या थराला लागत होता, आणि तेवढ्यावर तो पुष्ट होत होता. पुढें अशा दिव्यांतून सारा प्रकाश सिलिकॉनांत उतरविण्यासाठीं वरच्या थरांनाहि निमुळतीं टोंकें देण्यांत येऊं लागलीं.

एका क्षेत्रांत मात्र सांध्यावरील गळतीला क्षमा नाहीं. साधा संदेश वाटेंत क्षीण झाला तर त्याला पुन्हां बळ देतां येतें. परंतु जेथें प्रकाशाच्या एकेका कणावर माहिती ठेवलेली असते तेथें हा उपाय चालत नाहीं. अज्ञात स्थितींतील एका कणाची हुबेहूब प्रत काढतां येत नाहीं, हें वुटर्स व झुरेक आणि स्वतंत्रपणें डीक्स यांनीं १९८२ मध्यें सिद्ध केलें आहे. कण हरवला तो हरवला. भारत सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें ६००३ कोटींहून अधिक खर्चाचें जें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें, त्यांतील सूक्ष्म मापनाचें केंद्र मुंबईस पवईच्या आय. आय. टी. कडे आहे. अशा कामांत निम्मा प्रकाश घालविणारा सांधा म्हणजे दोन कणांपैकीं एक फुकट.

सावकाशीची किंमत लांबींत मोजावी लागते, आणि चिपेवर जागा महाग असते. निमुळतें टोंक फार लांब केलें तर वाटेंतील खडबडीनें प्रकाश विखुरतो तो निराळाच. म्हणून अलीकडे टोंक सरळ रेषेंत न उतरवितां त्याला वांकदार रूप देतात. दोन्ही वेग एकमेकांपासून दूर असतात तेथें घाई केली तरी बिघडत नाहीं, म्हणून आरंभीं व शेवटीं रुंदी भराभर बदलतात. आणि उताराच्या जागेपाशीं, वेग सारखे होत असतां, ती अगदीं हळू, जवळजवळ न कळत, बदलतात. कुलपाचा दोरा ओढतांनाहि हीच तऱ्हा ठेवून पाहावी. एकंदर वेळ पुष्कळ कमी लागतो, आणि पहिलें कुलूप तरीहि थांबतें.